भास थांबले, पण भाऊ अजून पडवीतच झोपून असतो

एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्या नोकरीसाठी डोंबिवलीत राहतात, आईवडील राजापूर तालुक्यातल्या गावी. २६ वर्षांचा धाकटा भाऊ मुंबईत एका गोदामात हिशेबाचं काम करायचा. वर्षभरापूर्वी त्याला वाटायला लागलं की कामावरची माणसं आपल्या मागावर आहेत, मोबाइलमधून आपलं बोलणं ऐकतात. मग आवाज ऐकू यायला लागले. झोप गेली, जेवण सुटलं, एके रात्री तो खोलीतून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी पनवेल स्टेशनवर सापडला. महिनाभर रुग्णालयात ठेवलं, स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, आणि गेले चार महिने तो गावी आहे. आवाज थांबलेत, संशयही गेलाय. पण दिवसभर पडवीत पडून असतो, सांगितल्याशिवाय आंघोळ करत नाही, विचारलं तेवढंच बोलतो. वडील म्हणतात, आजार गेला, आता गोळ्यांनीच तो असा झालाय, बंद करा. आईने देवळात कौल लावलाय. काका म्हणतात, लग्न करून टाका, आपोआप मार्गाला लागेल. आणि ताईंचे तीन प्रश्न आहेत: तो पूर्वीसारखा कधी होईल, गोळ्या किती दिवस घ्यायच्या, आणि त्याला मुंबईला परत नेऊ का?

ताई, मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात बरीच वर्षं मनोसामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते आहे. गोळ्या लिहून देणं माझं काम नाही. चिठ्ठी घेऊन माणसं घरी गेली की पुढे जे काही सुरू होतं, त्यात मी असते. त्यामुळे डोस कमी-जास्त करण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा धरा. बाकीचं मी घरोघरी जे पाहिलं त्यावरून सांगते.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो. आवाज गेले, मग माझा भाऊ अजून परत का आला नाही?

याचं उत्तर कळलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. या आजाराची दोन अंगं असतात. एका अंगात नसायला हवं ते येतं: आवाज, संशय, तुटक बोलणं, रात्रभर जागणं. दुसऱ्या अंगात असायला हवं ते जातं: उमेद, बोलायची ओढ, चेहऱ्यावरचे भाव, लक्ष लागणं, एखादं काम आपणहून सुरू करण्याचं बळ. औषधं पहिल्या अंगावर चांगली चालतात, बहुतेकांना काही आठवड्यांत फरक दिसतो. दुसऱ्या अंगावर मात्र आजच्या औषधांचा जोर फार कमी आहे. ते हळूहळू भरून येतं, महिन्यांच्या हिशेबाने, कधी वर्षांच्या. घरच्यांना पहिलं अंग भीतीदायक वाटतं, दुसरं दिसतच नाही. म्हणून आवाज थांबले की घर म्हणतं, आजार संपला. मग जे उरलं त्याला दोनच नावं मिळतात, आळस किंवा गोळ्यांचा परिणाम. आळस म्हटलं की बोलणी सुरू होतात. गोळ्यांचा परिणाम म्हटलं की गोळ्या बंद होतात. आजार उलटलेल्या घरांतून मी जेव्हा जेव्हा मागचं विचारत गेले, तेव्हा या दोनांपैकी एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली.

तो पूर्वीसारखा कधी होईल, हे मात्र मी सांगू शकत नाही, आणि जो कुणी तारीख देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आजार सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत किती काळ गेला, हा पहिलाच झटका आहे का, गांजा किंवा दारू आहे का, आजारापूर्वी तो किती माणसांत होता, घरात कोण काय बोलतं, औषधं किती नियमित चालतात, यावर ते ठरतं. काही जण एका झटक्यानंतर जवळजवळ पूर्ण सावरतात. बऱ्याच जणांचा आजार वर-खाली होत राहतो, पण ते काम करतात, संसार करतात, वाडीतल्या कामांत उभे राहतात. काही जणांना कायमचा आधार लागतो. चार महिन्यांवरून तुमचा भाऊ यांतला कोणता, हे ओळखता येत नाही. चार महिने फार थोडे आहेत.

आता त्याचं पडून राहणं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाहेरून एकसारखं दिसणारं हे पडून राहणं आतून निदान चार वेगळ्या गोष्टींचं असू शकतं, आणि चारींचे उपाय वेगळे आहेत.

एक, आजाराचं दुसरं अंग, जे वर सांगितलं. असा माणूस बहुधा दुःखी दिसत नाही, कोरा दिसतो. कुणी हाताला धरून कामात बसवलं तर काम करतो, पण आपणहून उठत नाही.

दोन, गोळ्यांचा दुष्परिणाम. वडील अगदीच चूक नाहीत, हे घरात मोकळेपणाने मान्य करा. रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोप ठेवू शकते. काही गोळ्यांनी अंग ताठ होतं: चालताना हात हलत नाहीत, पावलं आखूड पडतात, चेहरा गोठल्यासारखा होतो, हात थरथरतात, तोंडातून लाळ येते. आईवडील म्हणतात ना, ‘पोराचा दगड झाला’, ते बरेचदा हेच असतं. काहींना उलट होतं. पाय शिवशिवतात, एका जागी बसवत नाही, माणूस येरझारा घालतो, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. या सगळ्यावर इलाज आहे. डोस बदलतो, गोळी बदलते, वेळ बदलते, जोडीला दुसरी गोळी मिळते. पण हे डॉक्टरांना कुणीतरी सांगावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर विचारतात ‘कसं आहे’, आणि वडील म्हणतात ‘बरं आहे’, तिथेच विषय संपतो. त्याऐवजी आठवडाभर वहीत लिहून न्या: किती वाजता उठला, दुपारी किती झोपला, हात थरथरतात का, वजन किती. काही औषधांनी वजन आणि साखर झपाट्याने वाढते, तेव्हा वजन, कंबर, रक्तदाब आणि रक्तातली साखर आता एकदा तपासून घ्या आणि पुढेही ठरावीक काळाने तपासत राहा. संडासला कडक होत असेल तर तेही लाज न बाळगता सांगा. क्लोझापीन नावाची गोळी चालू असेल तर बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते, आणि त्या गोळीसाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासणंही चुकवून चालत नाही.

तीन, नैराश्य. आवाज थांबल्यावर माणसाला भान येतं, आणि भान आलं की आपलं काय झालं तेही कळतं. नोकरी गेली, मित्र फोन करत नाहीत, वाडीत आपल्याबद्दल काय बोललं जातं ते ऐकू येतं. बरं होण्याच्या या टप्प्यात जीव द्यायचे विचार येऊ शकतात, आणि घर तेव्हा निर्धास्त झालेलं असतं. म्हणून त्याला सरळ विचारा, ‘जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं, किंवा तो उत्तर टाळतोय असं वाटलं, तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि उत्तर काहीही येवो, आजच फोन करून वडिलांना सांगा की आंबा-काजूवर मारायच्या औषधांचे डबे मांगरातून, म्हणजे शेताबागेतल्या खोपीतून, काढून कुलपात ठेवा, आणि गोळ्यांचा सगळा साठा आईच्या ताब्यात द्या. आपल्याकडे घरोघरी फवारणीची औषधं उघडी पडलेली असतात. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि त्याने जीव वाचतात.

चार, भीती आणि लाज. रस्त्यावर गेलं की लोक विचारतात, ‘काय रे, मुंबईहून कधी आलास? परत कधी जाणार?’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण उत्तर नसलेल्या माणसाला तो प्रश्न डोंगराएवढा वाटतो. अशा वेळी त्याच्याबरोबर बसून एक वाक्य ठरवा. ‘तब्येत बरी नव्हती, डॉक्टरांनी काही महिने घरी राहायला सांगितलंय.’ यात खोटं काही नाही आणि पुढे सांगायची सक्तीही नाही. एक तयार वाक्य तोंडात असलं म्हणून दुकानापर्यंत जायला लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

तुमच्या भावाच्या बाबतीत या चारांतलं काय किती आहे ते मला इथून दिसत नाही. बहुतेकांमध्ये थोडं थोडं सगळंच असतं. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं हेच विचारा: हे पडून राहणं कशाचं आहे?

गोळ्या किती दिवस, याबद्दल. पहिल्याच झटक्यानंतर, लक्षणं थांबल्यावरही निदान वर्ष ते दोन वर्षं औषध चालू ठेवावं, असं साधारण सांगितलं जातं. झटके परत परत आले असतील तर पाच वर्षं किंवा त्याहून जास्त, काहींना कायम. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. औषध चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला, आणि औषध काढून नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांचा. म्हणजे औषध घेऊनही काहींचा उलटतो आणि सोडूनही काहींचा उलटत नाही, हे खरं आहे. पण फरक केवढा आहे तो पाहा. आणि प्रत्येक झटक्यानंतर परतीची वाट लांब होण्याचा धोका असतो.

वडिलांना हे आकडे पटणार नाहीत, त्यांना डोळ्यांसमोर दिसणारं पटेल. म्हणून त्यांना या आजाराचा फसवा भाग समजावून सांगा. गोळी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. उलट पहिले दोन-तीन आठवडे मुलगा ताजातवाना दिसतो, झोप कमी होते, दोन शब्द जास्त बोलतो. घर म्हणतं, बघा, गोळ्याच होत्या. मग सहाव्या आठवड्यात नाहीतर चौथ्या महिन्यात आजार परत येतो, आणि तोवर गोळ्या बंद केल्याचं कुणाच्या ध्यानातही नसतं. मग त्याचं खापर अमावास्येवर, शेजाऱ्यावर किंवा बाहेरच्या बाधेवर फुटतं. वडिलांना म्हणा, ‘गोळी जड होतेय हे तुमचं बरोबर आहे. आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊन ती हलकी करून घेऊ. पण बंद करायची नाही.’ कमी करायची वेळ आली तरी ती हळूहळू, महिनोन्‌महिने लक्ष ठेवून करायची असते.

रोजच्या गोळीवरून घरात भांडणं होत असतील तर बरेच दिवस परिणाम टिकणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारा. औषधाप्रमाणे दोन ते चार आठवड्यांनी एक इंजेक्शन असतं. बोटीवर जाणाऱ्या खलाशांना मी ते घेताना पाहिलं आहे, कारण समुद्रात गोळीची वेळ राहत नाही. घरातल्या मुलालाही त्याचा उपयोग असतो: ‘गोळी घेतलीस का?’ हा रोजचा प्रश्न घरातून नाहीसा होतो.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून एक गोष्ट आत्ताच. निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या हाताशी जास्तीच्या ठेवा. दरड कोसळते, वस्तीची एसटी बंद पडते, तालुक्याच्या दुकानात नेमकी तीच गोळी संपलेली असते. आणि वाडीत दुसरं कुणी लिथियमवर, म्हणजे मनाचे चढउतार आवरणाऱ्या गोळीवर, असेल तर त्यांनाही सांगा की उलट्या-जुलाब झाले, घामाने अंग सुकलं, किंवा अंगदुखीवर मनानेच वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर लिथियमचं रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं असं काही दिसलं तर तडक रुग्णालयात न्यायचं.

आता घरातली बोलणी. इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राउन आणि नंतरच्या संशोधकांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. ज्या घरांत सतत टोचून बोलणं, राग, किंवा टोकाची काळजी आणि पाळत होती, तिथे आजार जास्त वेळा उलटला. नंतर चंडीगडमध्ये असा अभ्यास झाला, तेव्हा लंडनच्या तुलनेत तिथल्या घरांत टोचून बोलणं कमी आढळलं. मी हे घरच्यांना दोष द्यायला सांगत नाही. घरच्यांमुळे हा आजार होत नाही. पण घर बदलू शकतं, आणि एवढ्या मोठ्या आजारात आपल्या हातात असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक आहे.

आपल्याकडे टोचणं बहुधा वडिलांकडून येतं आणि अतिकाळजी आईकडून. वडील म्हणतात, ‘तुझ्या वयात मी दोन बागा राखायचो.’ आई ताट हातात आणून देते, पाणी काढून देते, कपडे काढून ठेवते. दोघंही जीव तोडून करताहेत. आणि मुलाला दोघांकडून एकच निरोप पोचतो, की तुझ्याने काही होणार नाही. आईला सांगा, ताट वाढ, पण ते उचलून मोरीत ठेवायचं काम त्याचं. वडिलांना सांगा, दिवसातून एकच गोष्ट सांगायची, नेमकी सांगायची आणि एकदाच सांगायची. ‘नीट राहा’ याने काही कळत नाही. ‘चहा झाला की आंघोळ कर, पाणी तापलंय’ हे कळतं. केलं तर ‘बरं झालं’ एवढं म्हणायचं. नाही केलं तर उद्या परत. आणि दिवसातले काही तास तो आणि आईवडील एकमेकांच्या नजरेआड असावेत. दोन खोल्यांच्या घरात चोवीस तास एकमेकांवर नजर ठेवून कुणाचंच भलं होत नाही.

मग काम. या बाबतीत कोकणातलं घर मुंबईच्या खोलीपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे, आणि आपल्याला त्याची किंमत नाही. इथे अर्ध्या तासाचं, खरं, कुणाच्या तरी उपयोगाचं काम रोज सापडतं. नुसतं ‘मन रमव’ म्हणून दिलेलं काम माणूस लगेच ओळखतो, त्यात त्याचा अपमान होतो. पण झाडं शिंपायची असतात, काजूबिया वेगळ्या करायच्या असतात, लाकडं पडवीत रचायची असतात, डेअरीवर दूध पोचवायचं असतं. देवगड भागातल्या एका मुलाबद्दल सांगते, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते. तोही असाच पडून असायचा. आंब्याच्या हंगामात त्याला बागेत न पाठवता खळ्यात पेट्यांशी बसवलं. काम एवढंच, की दुसऱ्याने प्रतवारी केलेला आंबा पेटीत रचायचा. पहिल्या आठवड्यात सकाळी थोडाच वेळ बसायचा आणि उठून जायचा. त्याच्या चुलत्याने एक चांगली गोष्ट केली: तो उठून गेला तरी त्याची जागा मोकळी ठेवली आणि जेवढ्या पेट्या भरल्या तेवढ्याचे पैसे हातात दिले. हंगाम संपेपर्यंत तो अर्धा दिवस बसायला लागला. पुढच्या वर्षी मुंबईला जाणाऱ्या पेट्यांचा हिशेब त्याने लिहिला. आजार अजून आहे, गोळ्या चालू आहेत, बोलणं आजही कमी आहे. पण हंगामात त्याच्यावाचून अडतं.

तुमच्याकडे आता लावणी येईल. त्याला चिखलणीला किंवा पॉवर टिलरवर लगेच घालू नका; गोळ्यांची गुंगी असताना यंत्र, झाडावर चढणं, कठडा नसलेली विहीर आणि बोट यांपासून लांब ठेवा. पण तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या पोचवणं, बांधावर चहा नेणं हे होईल. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे. काम त्याने थांबवण्याआधी आपणच थांबवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी यायची भीती वाटत नाही. त्याला हिशेब येतो म्हणता, तर मजुरांच्या हजेरीची वही त्याच्याकडे द्या. ऊन-दमटपणा असेल तेव्हा पाणी भरपूर प्यायला लावा. यातल्या काही गोळ्यांनी घाम येण्याचं आणि अंग थंड राहण्याचं गणित बिघडतं.

देवळाबद्दल तुम्ही जरा रागाने लिहिलंय. राग कळतो, पण आईशी या मुद्द्यावर भांडू नका. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालणं, कौल घेणं हे तिच्यासाठी हात जोडून उभं राहायचं ठिकाण आहे. रात्री तिला झोप लागते ती त्याच्या जोरावर. मी आयांना म्हणते, देवाला सांगा, आणि गोळी देवाचं नाव घेऊनच द्या. बहुतेक गुरव आणि मानकरीही समजून घेतात. काहींनी तर ‘डॉक्टरकडे ने’ असंच सांगितल्याचं मी ऐकलं आहे. पण इथे माझी एक रेघ आहे आणि ती मी कुणासाठीही पुसत नाही. बाधा उतरवायची म्हणून मारणं, मिरचीची धुरी देणं, दोरीने किंवा साखळीने बांधणं, उपाशी ठेवणं, गोळ्या बंद करायला सांगणं यातलं काहीही आलं की ती जागा त्या दिवसापासून बंद. बाधेच्या नावाखाली मारहाण, धुरी आणि साखळदंड हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मानसिक आजाराच्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही बंदी आहे.

काकांच्या सूचनेचं उत्तर छोटं आहे. लग्न हे औषध नाही. आत्ता नको. पुढे कधी विषय निघाला तर तो त्याच्या मनाने, आणि मुलीला व तिच्या घरच्यांना आजार आणि गोळ्या स्पष्ट सांगून. लपवलं तर हिंदू विवाह कायद्याखाली फसवणुकीच्या कारणावरून लग्न रद्द करायची मागणी होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सासरी लपून गोळी घेता येत नाही, आणि ती सुटते.

आजार परत येताना अचानक येत नाही, आधी खुणा देतो. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या, पण एका माणसाच्या खुणा बहुतेक वेळा त्याच असतात. म्हणून मागच्या वर्षी पनवेलच्या त्या रात्रीआधीच्या महिन्यात काय काय बदललं ते आठवून लिहा, आणि तो तयार असेल तर त्याच्याबरोबर बसून लिहा. झोप कमी झाली का, मोबाइल बंद करून ठेवायला लागला का, जेवणाचा वास घेऊन बघायला लागला का, एकटाच हसायला लागला का. त्यातल्या तीन-चार ठळक खुणा, डॉक्टरांचा नंबर आणि चालू गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटवा. सलग दोन-तीन रात्री झोप नाही, ही माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाची खूण आहे. तेव्हा पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. रात्री-अपरात्री काय करावं सुचलं नाही तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. तो बरा असताना आणखी एक विचारून ठेवा: परत तसं झालं तर तुला कुठे न्यावं, कुठे नेऊ नये, कोणी निर्णय घ्यावा? २०१७ च्या कायद्याने त्याला हे आगाऊ लेखी सांगून ठेवायचा आणि आपला प्रतिनिधी नेमायचा हक्क आहे.

झोपेवरून गणपतीही आठवले. तुम्ही सगळे याल, घर भरेल, रात्री दीडपर्यंत आरत्या आणि भजनं. त्याला त्या आनंदातून वगळू नका, पण त्याची झोपायची जागा आणि वेळ आधी ठरवा. दहा वाजता तो आतल्या खोलीत जाऊ शकतो, आणि कुणी त्याला ‘एवढ्यात काय झोपतोस’ म्हणून उठवायचं नाही. भावकीतली मुलं बाटली किंवा गांजा घेऊन मांगरात बसत असतील तर त्यांच्यातल्या एका समजूतदाराला आधी फोन करून ठेवा. गांजा या आजारात आगीत तेल आहे, आणि ‘एकदाच’ म्हणून दिलेला झुरका महिन्यांची मेहनत घालवू शकतो.

राहिला मुंबईचा प्रश्न. तुमच्या सगळ्या मजकुरात वडील काय म्हणतात, आई काय म्हणते, काका काय म्हणतात हे आहे, पण तो काय म्हणतो हे कुठेच नाही. त्याला विचारलंत का? मुंबई त्याच्यासाठी नोकरीची जागा असेल, किंवा जिथे माणसं मागावर होती ती जागा असेल. विचारल्यावर लगेच उत्तर येणार नाही. प्रश्न विचारून थांबा, चार दिवसांनी परत विचारा.

माझं मत विचाराल तर हे पावसाळ्याचे महिने त्याने गावीच काढावेत. डोंबिवलीत तुम्ही सकाळी सातला बाहेर पडणार, रात्री आठला येणार. मधले तास तो बंद दारामागे एकटा असेल. गावात निदान समोरून कुणी जातं-येतं. तो सलग तीन-चार महिने आपली गोळी आपल्या हाताने घ्यायला लागला, ठरल्या वेळी उठायला लागला, रोज दोन-तीन तास एखादं काम टिकवायला लागला, आणि त्याला स्वतःला जावंसं वाटलं, तर पहिल्यांदा आठ-दहा दिवसांसाठी न्या, परतीचं तिकीट काढूनच. तिथल्या डॉक्टरांचा आधी शोध घ्या, जुने कागद बरोबर ठेवा. जुन्या नोकरीच्या मागे लागू नका. रात्रपाळी नसलेलं, अर्ध्या वेळेचं, ओळखीच्या माणसाकडचं काम आधी बघा. तेही न जमलं तर राजापुरात किंवा रत्नागिरीत हिशेबाचं काम मिळतं का पाहा. जवळची नोकरी म्हणजे हरलेली नोकरी, असं घरात कुणी बोलू नये.

तोवर तुम्ही एवढं करा. रोज रात्री फोन करता तेव्हा आईला ‘आज कसा होता’ असं विचारण्याआधी फोन त्याच्याकडे द्यायला सांगा. आजाराचं काही विचारू नका. पाऊस किती झाला, विहीर किती भरली, हजेरीच्या वहीत आज किती माणसं लागली, एवढंच विचारा. दोन मिनिटं बोलला तर दोन मिनिटं. आणि पुढच्या डॉक्टर-भेटीला शक्य असेल तर सुट्टी काढून स्वतः जा, वही घेऊन, वडिलांना बरोबर घेऊन. गोळी हलकी करायचं बोलणं वडिलांनी त्यांच्या तोंडाने करू दे. डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा, त्यावरून पुढचं बोलू.